हंसाबाईचं माप

६ जानेवारी २०२५, सोमवार

यवतमाळच्या डॉक्टरांनी रोज एक पान लिहायला सांगितलं आहे. हाताला व्यायाम म्हणे. एकतीस वर्षं मशीन चालवली, तरी या हाताला व्यायाम कमीच पडला असं त्यांना वाटत असावं. कंपवात आहे म्हणाले. गोळ्या दिल्या, सुईदोऱ्याचं काम आता दुसऱ्यावर सोपवा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दहावीनंतर मी मापांशिवाय काही लिहिलेलं नाही. छाती, कंबर, बाही, मुंढा. तर तसंच सुरू करते. नाव नलू. वय एकसष्ट. राहणार पांढरकवडा. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, 'नलू लेडीज टेलर'. माझे मालक जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा सुनील पुण्यात नोकरीला आहे. तो एप्रिलात, जयंती झाली की, मला कायमचं न्यायला येणार. दुकान उर्वशीला द्यायचं ठरलं आहे. ती नऊ वर्षांपासून माझ्या हाताखाली आहे. हात चांगला, तोंड बंद. सुनील फोनवर म्हणतो, तीन मशिनी आणि एक कपाट, एका दिवसात देऊन मोकळी हो. त्याला काय सांगायचं? मशिनी एका दिवसात देता येतात. बायका कशा द्यायच्या?

९ जानेवारी, गुरुवार

आजपासून टेबलामागच्या खुर्चीत उर्वशी बसणार आणि मी बाकावर, गिऱ्हाइकांच्या जागी. पहिल्याच आल्या शाळेच्या बाई. त्यांनी उर्वशीच्या डोक्यावरून हात लांब करून कापड माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते उचलून उर्वशीच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी परत माझ्या मांडीवर. असं तीनदा झालं.

त्या गेल्यावर मी उर्वशीला समजावलं. या बाईंना गळा खोल हवा असतो, पण तसं त्या म्हणणार नाहीत, 'जरा मोकळा' म्हणतील. तिथं एक बोट जास्त कापायचं आणि काही बोलायचं नाही. बँकेतल्या बबिताला मात्र रागवायचं. उशिरा कापड आणते, तिला दोन शब्द ऐकवले नाहीत तर काम नीट होणार नाही असं तिला वाटतं. उर्वशी म्हणाली, मला रागावता येत नाही. शीक म्हटलं.

बाई तिच्याकडे वळल्या नाहीत याचं मला वाईट वाटायला हवं होतं. खरं लिहायचं तर बरं वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

हंसाबाई येऊन गेली. हे पान कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते, नाहीतर ही गोष्ट सात वर्षांत मी भिंतीलाही सांगितलेली नाही.

हंसाबाई केळापूरच्या पलीकडच्या तांड्यावरची. पंचावन्नच्या आतबाहेर असेल. सात वर्षांपूर्वी नागपूरला तिचं ऑपरेशन झालं, छातीची डावी बाजू पूर्ण काढली. तांड्यावर सांगितलं, गर्भपिशवी काढली. त्या ऑपरेशनला कोणी नावं ठेवत नाही, घरोघरी होतं. खरं फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, रामलालला, ठाऊक. कारण एकच, पोरगी. वर्षा. आईला असला आजार म्हटलं की पोरीला कोण करून घेणार, उद्या हिलाही होईल म्हणतील. मग ती माझ्याकडे आली. मागच्या खोलीचं दार लावून पदर काढला आणि म्हणाली, बाई, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत.

मी तेव्हापासून तिच्या ब्लाउजला आतून कप्पा शिवते आणि त्यात गादी बसवते. नुसता कापूस हलका पडतो, ब्लाउज एका बाजूनं वर चढतो. पहिल्यांदा वजनाला ज्वारी घातली, तिला कीड लागली. मग कापसाच्या आत सरकीची पुरचुंडी ठेवून पाहिली. जमलं. आपल्या भागात सरकीला काय तोटा. तिचं काम मी वेगळ्या पेटीत कुलपात ठेवते, चावी मशीनच्या खणात. उर्वशीलासुद्धा माहीत नाही.

आज तिला विचारलं, मी एप्रिलात जाते आहे, उर्वशीला सांगू का? पोरगी भरवशाची आहे. ती बराच वेळ टेपची गुंडाळी करत बसली.

"नको बाई. तुमाले एकडाव दाखोलं, तेच लई झालं. अजून कोनाले नाई दाखवनार मी."

मी म्हटलं, मग माझ्यामागे काय करशील? तर म्हणाली, पाहीन. वर्षाचं लग्न मे महिन्यात ठरलं आहे, दोन तारखेला. पोरीकडचं सगळं पार पडेपर्यंत कोणाला काही कळता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं. मीही जास्त आग्रह केला नाही. एका तरी बाईचं माझ्यावाचून अडतं आहे, हे ऐकायला गोड लागलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी हंसाबाईच्या नव्या गादीला हातशिलाई घातली. हात इतका हलत होता की टाके मुंग्यांची रांग मोडावी तसे पडले. तशीच पेटीत टाकली आणि घरी गेले. आज सकाळी उघडून पाहते तर टाके सरळ. अगदी माझ्या जुन्या हाताचे. मग लक्षात आलं, संध्याकाळी डोळ्यांना नीट दिसत नाही, हातावर उगाच आळ घेते मी. डॉक्टरला सांगायला हवं की दोष निम्मा डोळ्यांचा आहे.

उर्वशीला ओरडले, तुला इतक्या वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही की त्या पेटीत काय आहे? ती म्हणाली, तुमची पेटी आहे, मी कायले विचारू? कुतूहल नाही पोरीला. टेलरला कुतूहल लागतं.

५ मार्च, बुधवार

शाळेच्या बाईंनी आज कापड उर्वशीच्या हातात दिलं. माझ्याकडे पाहून हसल्या, पण दिलं तिच्याच हातात. बबिताला उर्वशीनं चार शब्द ऐकवले, इतक्या हळू आवाजात की बबिताला ते दोनदा विचारावे लागले. तरी ती खूश होऊन गेली. उर्वशीकडे सोपवायच्या बायकांची यादी केली आहे, तिच्यातली चाळीस-पंचेचाळीस नावं मी खोडली. प्रत्येक नाव खोडताना घरातलं भांडं उचलून दुसऱ्याला दिल्यासारखं वाटतं.

हंसाबाई दुपारी आली. जानेवारीत शिवलेला ब्लाउज आत्ताच ढिला झाला आहे. दोन्ही बाजूंनी आत घेतला. मी चिडवलं, नवरीची आई नवरीपेक्षा बारीक व्हायला निघाली. ती म्हणाली, कामं का कमी आहेत बाई, बस्ता, भांडी, पाहुणे. खरं आहे. लग्नघर म्हणजे बाईचं रक्त आटतं.

एक गंमत लिहून ठेवते. सगळ्या बायका शिवणीत कापड जास्त सोडायला सांगतात, पुढे अंग सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. ही म्हणते, सैल करायला नको, अजून आत घेता येईल असं शिवा. मी म्हटलं, तुझं सगळंच उलटं.

२९ मार्च, शनिवार

हंसाबाईनं हिरवं कापड आणलं. चांगलं, काठाचं. लग्नात घालायचं का विचारलं तर म्हणाली, नाही, लग्नात जांभळा घालीन, हा ठेवून द्यायचा आहे. हूक पुढे पाहिजेत, आणि मोठे. दुसऱ्याच्या हातानं पटकन लागले पाहिजेत. खांदा दुखतो म्हणाली, हात मागे जात नाही. त्या बाजूचा हात तसाही तिला पूर्ण वर करता येत नाही. मोठे हूक दिसायला बरे दिसत नाहीत हे मी सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही.

जाताना मागच्या खोलीत आरशासमोर बराच वेळ उभी होती. मी बाहेरून विचारलं, कुठं दाटतं का? नाही म्हणाली.

९ एप्रिल, बुधवार

आज हिरव्या ब्लाउजाचा कप्पा बसेना. तीनदा सुई बोटात गेली. कापडावर रक्ताचा ठिपका पडला, तो धुऊन काढला. मग मी तोंडात पदर धरून मागच्या खोलीत बसले. एवढं एक काम माझं होतं आणि तेही हातातून गेलं. पुण्याहून शिवून पाठवीन असं तिला सांगितलं आहे मी. कोणत्या तोंडानं सांगितलं, कोण जाणे.

ब्लाउज तसाच अर्धवट पेटीत ठेवला.

१० एप्रिल, गुरुवार

ब्लाउज पूर्ण आहे. कप्पा, गादी, हूक, सगळं जागच्या जागी. मी अर्धवट ठेवला होता की पूर्ण करून ठेवला होता, हेच मला आता नक्की सांगता येत नाही. गोळ्यांनी विसरायला होतं असं चिठ्ठीवर लिहिलं आहे. उर्वशीला विचारावं म्हटलं, पण तिला काय विचारणार? तिला तर पेटीतलं काही माहीत नाही. शिलाई सुंदर आहे. जाता जाता हातानं एक काम नीट केलं, असं समजते.

१६ एप्रिल, बुधवार

परवा जयंती झाली. निळी साडी नेसून मिरवणुकीत चौकापर्यंत चालले, पुढे पाय चालेनात. काल सुनील आला. उद्या निघायचं.

आज दुकानाची चावी उर्वशीच्या हातात दिली. तिनं पाया पडून घेतली आणि खुर्चीत न बसता उभीच राहिली. मीच तिला धरून बसवलं. बायका येऊन गेल्या. कोणी ओटी भरली, कोणी चिवडा दिला. सगळ्यांचे डोळे ओले आणि सगळ्यांची पुढची कापडं उर्वशीकडे. असंच व्हायला हवं होतं. चार महिने त्यासाठीच खपले.

हंसाबाई सगळ्यांत शेवटी आली. रामलाल रस्त्यावर गाडी धरून उभा होता. तिनं माझा हलणारा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तिचे हात गरम होते, चटका बसावा इतके. ऊन फार आहे.

"बाई, मी बलावलं तं तुमी येसान का?"

मी म्हटलं, लग्नाला ना? सुनीलला सुट्टी मिळाली तर नक्की येते.

"लग्नाले नाई. नंतर. मी बलावीन तवा."

मी हसले. म्हटलं, पुणं काय वणी-केळापूर आहे का, हाक मारली की यायला? ती पण हसली. मग पदर नीट करून निघाली. पायरीवर एकदा थांबली, मला वाटलं काही विसरली. पण वळली नाही.

४ मे, रविवार, पुणे

उर्वशीनं लग्नाचे फोटो पाठवले. वर्षा गोड दिसते. हंसाबाई जांभळ्या ब्लाउजात, दोन्ही बाजू सारख्या. माझ्यातली टेलर आधी तेच पाहते. चेहरा अगदी लहान झाला आहे, पदराच्या आत हरवून गेला. लग्न सुखरूप पार पडलं. आता मांडीवर नातवंड येईल आणि ही परत भरेल. उर्वशीला निरोप टाकला की हंसाबाईचं माप वाढलं तर मला कळव. तिनं लगेच वाचला, उत्तर मात्र दिलं नाही.

इथं चौथ्या मजल्यावर राहतो. खाली माणसं दिसतात, पण कोणाच्या ब्लाउजाची शिवण दिसत नाही. सून चांगली आहे, तयार कपडे घालते.

२२ मे, गुरुवार

हंसाबाई काल गेली.

उर्वशीचा फोन सकाळी आला. ती सांगत होती आणि मी मध्येमध्ये 'कोण' विचारत होते, दोन वेळा, तीन वेळा. दिवाळीपासूनच आजार उलटला होता. पाठीत, मग हाडांत. नागपूरच्या डॉक्टरनं दाखल व्हा म्हटलं तर ही म्हणाली, पोरीचं लग्न होऊ द्या. रामलालनं हात जोडले, तरी गेली नाही.

पुढचं उर्वशीनं सांगितलं ते तसंच लिहिते. न्यायच्या आधी आंघोळ घालायला तांड्यावर बायका जमल्या होत्या. अंगणात पाणी तापत होतं. वर्षा आली होती, तिची सासूही आली होती. उर्वशी रिक्षा करून पोचली, हिरवा ब्लाउज पिशवीत घेऊन. हंसाबाईनं तो दुकानातच ठेवायला सांगितला होता, म्हणून निघताना मीच तो कागदात बांधून, उघडू नको सांगून, तिच्या ताब्यात दिला होता. एका म्हातारीनं तिला दारातच अडवलं. तू ना आमच्या तांड्याची, ना जातीची, तुझं काय काम? उर्वशी म्हणाली, मी टेलर आहे, हा ब्लाउज मलाच घालता येतो. बायका गलका करायला लागल्या. तेव्हा रामलाल खाटेवरून उठला.

"थिनं हिचंच नाव घेतलं होतं. आत हिलेच जाऊ द्या."

उर्वशीनं दार लावून घेतलं. पाणी खिडकीतून मागितलं. मी विचारलं, एकटीनं उचललं कसं गं तिला? ती म्हणाली, "मावशी, वजनच नव्हतं." ब्लाउज इतका ढिला झाला की तिथंच, अंगावरच, दोन्हीकडून आत घेऊन टाके घातले. मग दार उघडलं. बायकांनी हळद लावली, कुंकू लावलं, हिरवी साडी नेसवली, चुडा भरला. कोणाला काही कळलं नाही. वर्षाच्या सासूलाही नाही.

२३ मे, शुक्रवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे लिहायला धजले नाही. मी उर्वशीला विचारलं होतं, हंसाबाईनं तुझं नाव कसं घेतलं? तुला कधी सांगितलं?

मी गेल्यावर पाचव्या दिवशी हंसाबाई दुकानात आली होती. नुसती बाकावर बसून राहिली. तेव्हा उर्वशीनंच तिला सांगितलं, मला माहीत आहे, दोन वर्षांपासून मीच शिवते आहे. मावशीचे टाके सकाळी लवकर येऊन उसवायची आणि परत घालायची. मावशीला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही. हंसाबाई आधी दचकली, मग म्हणे खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उर्वशीला जवळ बसवून शेवटचं सगळं सांगितलं, हिरवा ब्लाउज कधी आणि कसा घालायचा ते.

मला आधी राग आला. माझ्या पेटीला हात लावला, माझी चावी घेतली, दोन वर्षं मला वेड्यात काढलं. दिवसभर फोन उचलला नाही. संध्याकाळी राग गेला आणि खाली जे उरलं ते फार वाईट होतं. ती मला विचारायला आली होती. माझा हात धरून विचारलं, बोलावलं तर याल का, आणि मी तिला पुणं किती लांब आहे ते सांगितलं. ज्या बाईनं शिवणीत आत घ्यायला जागा मागितली तिला मी 'तुझं सगळंच उलटं' म्हटलं. एकतीस वर्षं बायकांची अंगं ओळखते म्हणून मिरवलं. उर्वशी एका शब्दानं न विचारता सगळं ओळखून होती. मी काय ओळखलं? इंच.

सुनीलनं विचारलं, का रडते आहेस? म्हटलं, एक गिऱ्हाईक गेलं. तो म्हणाला, आई, आता तरी दुकान सोड.

३ जून, मंगळवार

अकरा दिवस लिहिलं नाही. उर्वशीशी परत बोलायला लागले. तिला म्हटलं, तू माझ्यापेक्षा चांगली टेलर आहेस. ती फोनवर रडली.

आज दुपारी रामलालचा फोन आला. त्यानं आयुष्यात मला कधी फोन केला नव्हता. दुकानाची पायरीही तो कधी चढला नाही, कायम रस्त्यावर गाडी धरून उभा. आधी पाऊसपाण्याचं बोलला, वर्षा बरी आहे म्हणाला. मग म्हणाला,

"ताई, एक विचारू का? राग नका मानू. थिनं सात वर्षं मले कधी दाखोलं नाही. आंधार करून घे. मी म्हनो, मले काई वाटत नाई वं, पन नाई. मी दुकानातल्या पोरीले इचारलं, थे म्हने मावशीले इचारा. तुमी पाह्यलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"कसं होतं थे?"

मी सांगितलं, साधी रेघ होती, भाऊ. काखेपासून मधोमध. छान भरून आली होती. त्यानं ते ऐकून घेतलं.

"दुखे का थिले?"

सात वर्षं. वर्षातून चार-पाच वेळा ती त्या मागच्या खोलीत माझ्यासमोर उघडी उभी राहिली. मी टेप लावला, टाचण्या लावल्या, कुठं दाटतं, कुठं ढिलं होतं, एवढंच विचारत आले.

मी म्हटलं, नाही भाऊ, दुखत नव्हतं. ती तसं म्हणायची मला.

बरं झालं म्हणाला तो. दोनदा म्हणाला, बरं झालं. मग फोन ठेवला.

ती मला तसं कधीच म्हणाली नव्हती. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.